हळू गाणाऱ्या माणसाची कॅसेट

"भाऊ, ही कॅसेट आजारी हाये."

दुर्गानं कॅसेट काउंटरवर ठेवली आणि ओढणीच्या टोकानं कपाळ पुसलं. चैत्रातली दुपार होती. बाहेर रस्त्यावर कुत्रंही चालत नव्हतं, आणि प्रफुल्ल साऊंड सर्व्हिसचा मालक सोल्डरिंगची काडी हातात धरून, तोंड किंचित उघडं ठेवून तिच्याकडे पाहत होता.

"काय होते तिले?" त्यानं विचारलं.

"बोलतच नाई. म्हणजे बोलते... पण माणूस तापानं खाटेवर पडून बोलते ना, तसं."

हे गाऱ्हाणं घेऊन ती योग्य ठिकाणी आली होती. साल होतं एकोणीसशे अठ्ठ्याण्णव. त्या काळी कुरखेडा तालुक्यात आवाज म्हणजे प्रफुल्ल. त्याच्याकडे चार भोंगे होते आणि चारही सती नदीच्या पलीकडे ऐकू जात. लग्नघरची माणसं त्याची तारीख धरण्याआधी पलीकडच्या गावातल्या सोयऱ्याला विचारून येत, "मागच्या लग्नात आयकू आलं होतं का?" सोयरा "चार दिवस झोप नाई" म्हणाला की तारीख पक्की. लसीकरण, हरवलेली गाय, सापडलेली गाय, सरपंचांचं आगमन, सरपंचांचं न येणं... सगळं प्रफुल्लच्याच तोंडून गावाला कळे. माईक हातात असला की तो कलेक्टरलाही "कृपया बसून घ्या" म्हणू शके. माईक नसला की मात्र त्याला चहा मागतानाही घाम फुटे.

त्यानं कॅसेट मशीनमध्ये घातली. आधी गिटार वाजली... वाजली म्हणजे कुणी तिच्यावर बोटं टेकवून सहज काहीतरी आठवत बसलं असावं, तशी. मग एक पुरुष कुठल्याशा परक्या भाषेत पुटपुटायला लागला. प्रफुल्लनं व्हॉल्यूम पूर्ण फिरवला. माणूस पुटपुटतच राहिला, फक्त मोठ्यानं पुटपुटू लागला.

"हेडवर कचरा असन," प्रफुल्ल डॉक्टरच्या गांभीर्यानं म्हणाला. "दोन दिवस लागन, मॅडम."

काम दोन मिनिटांचं होतं. पण वाचनालय सांभाळणाऱ्या या मॅडमच्या उजव्या अंगठ्यावर तिथल्या शिक्क्याची जांभळी शाई लागलेली होती, आणि तो अंगठा पुन्हा पाहायला मिळावा अशी त्या दुकानदाराची प्रामाणिक तांत्रिक गरज होती.

कॅसेटची हकीकत साधी होती. दुर्गाच्या घरी, म्हणजे तिचे वडील बुधूभाऊंच्या घरी, बांबूचा अभ्यास करणारे एक पुणेकर संशोधक वर्षभर भाड्यानं राहिले होते. संध्याकाळी ते कानाला इयरफोन लावून डोळे मिटून बसत. दुर्गाच्या आईला, मंगलीबाईला, ते ध्यान करतात असं वाटे. जाताना ते दुर्गाला टेपरेकॉर्डर आणि ही एकच कॅसेट देऊन गेले. इयरफोन मात्र सोबत नेला. त्यामुळे ध्यानात काय होतं ते घरात प्रथमच ऐकलं गेलं, आणि मंगलीबाईनं निदान केलं, "ह्याले काही खाऊ घाला."

दोन दिवसांनी दुर्गा आली. प्रफुल्लनं स्पिरिटनं हेड पुसलं होतं. कॅसेट पुटपुटत होती.

आणखी तीन दिवसांनी आली. त्यानं कॅसेट उघडून आतलं पॅड बदललं होतं, स्क्रू पाव फेरा फिरवला होता. कॅसेट तरीही पुटपुटत होती.

"जमलं का जी?" तिनं तिसऱ्या खेपेस विचारलं.

या खेपेस "भाऊ" गळला होता. प्रफुल्लनं ते ताबडतोब टिपलं. हेडवरचा धुळीचा कणसुद्धा ज्याच्या नजरेतून सुटत नसे, त्याच्या नजरेतून एवढं मोठं "भाऊ" कसं सुटणार?

"मॅडम," तो म्हणाला, "मशीन ठीक हाये. कॅसेट ठीक हाये. हा माणूसच हळू गाते."

"मुद्दाम?"

"मुद्दामच म्हणा लागन. बावीस मिनिटं एकाच आवाजात... आजारी माणूस एवढा वेळ नाई टिकत."

दुर्गा हसली. मग काउंटरवर कोपर टेकून तिनं कॅसेटच्या डबीतला घडीचा कागद बाहेर काढला. बारीक इंग्रजी अक्षरं होती. "हे वाचून पाह्यतो आता," ती म्हणाली. "वाचनालयात डिक्शनरी हाये. कोणी नेत नाई."

चौथ्या खेपेस ती वाचून आली. "बोसा नोव्हा," तिनं जाहीर केलं. "गाण्याचं नाव नाई हे, गाण्याच्या जातीचं नाव हाये. म्हणजे नवी ढब. ब्राझीलमधली."

"ब्राझील म्हणजे फुटबॉलवाले?"

"थेच. पण भाषा पोर्तुगीज, गोव्यात होते त्यांची. आता आयका. त्यांच्याकडे सांबा असते. शंभर-दीडशे माणसं रस्त्यावर, सगळ्यांच्या गळ्यात ढोल, अन् सगळं शहर नाचते."

प्रफुल्लच्या चेहऱ्यावर आदर उमटला. दीडशे ढोल. तिथं कुणीतरी आपल्या धंद्यातलं असणार.

"मग चाळीस वर्षांमागं रिओ नावाच्या शहरात काही पोरंपोरी समुद्राजवळच्या फ्लॅटमध्ये बसून गाऊ लागले. फ्लॅट म्हणजे भिंतीले भिंत. शेजारी कावणार. तर त्यांनी थो सगळा सांबा..." दुर्गानं दोन्ही हात फैलावले आणि हळूहळू ओंजळीएवढे जवळ आणले, "...एका गिटारीत बसवला."

"दीडशे ढोल? एका गिटारीत?"

"असं लिवलं हाये. अंगठा मोठा ढोल वाजवते, बाकीची बोटं लहान ढोल वाजवतात. अन् गाणारा ओरडत नाई. ओरडाचं कोणासाठी? आयकणारा तर समोरच बसला हाये."

प्रफुल्लला हे पटलं नाही. पण तो प्रामाणिक कारागीर होता; जे पटत नाही ते उघडून पाहायचं, असा त्याचा नियम. त्यानं टेपरेकॉर्डर काउंटरवर ठेवला, व्हॉल्यूम कमी केला... आणखी कमी केला... आणि स्पीकरच्या जाळीला कान लावला. ऐकायला दुर्गालाही कान तिथंच आणावा लागला. स्पीकर एक, कान दोन. मध्ये जेमतेम वीतभर हवा, आणि त्या हवेत तिच्या केसांतल्या खोबरेल तेलाचा वास. बोसा नोव्हा ऐकण्याची ही पद्धत त्या कागदात दिलेली नव्हती. ती कुरखेड्यात शोधली गेली.

"सापडला," थोड्या वेळानं प्रफुल्ल कुजबुजला.

"कोण?"

"अंगठा."

त्यानं स्वतःच्या अंगठ्यानं काउंटरवर ठेका धरला. धुम्... धुम्... धुम्... सावकाश, न थकता, दुपारी झाडाखाली बांधलेल्या बैलानं शेपटी हलवावी तसा. आणि त्याच्यावर बाकीची बोटं भलत्याच जागी पडत होती. जिथं पडायला हवीत त्याच्या जरा आधी, नाहीतर जरा नंतर. चुकत होती म्हणावं, तर प्रत्येक वेळी इतकी नेमकी चुकत होती की प्रफुल्लला आपलाच ठेका गावठी वाटायला लागला.

"अन् ह्या माणसाले पाह्य," दुर्गा म्हणाली. "गिटार पुढं गेली तरी हा मागंच. आता येईन, मग येईन... अन् येते बरोबर, पण दारातच उभा राह्यते. तुह्यासारखा. परवा पाचले येतो म्हणलास वाचनालयापाशी, सव्वापाचले आलास."

"पण आलो."

"तेच म्हणून राह्यली."

ती "तू" म्हणाली होती. दोघांनाही ते ऐकू आलं, आणि दोघांनीही गिटार ऐकत असल्याचं दाखवलं.

ज्यांनी हे संगीत कधी ऐकलेलं नाही, त्यांच्यासाठी या दोघांचा अनुभव उपयोगी आहे. पहिल्यांदा ऐकाल तेव्हा काहीच घडत नाही. दुसऱ्यांदाही घडत नाही, पण आता ते आवडतं. तिसऱ्यांदा लक्षात येतं की या माणसानं एवढ्या वेळात एकही सूर थरथरवलेला नाही, एकदाही गळा काढलेला नाही, आणि तरी आपल्या छातीत काहीतरी हललेलं आहे. कुणी हलवलं, कधी हलवलं, पत्ता लागत नाही. चोर असावा तर असा. गाण्यातल्या सुरांच्या जोड्याही नेहमीच्या नाहीत. सुख आणि दुःख शेजारी बसवावीत तसे सूर बसवलेले. हसावं की उसासा टाकावा हे ठरेपर्यंत गाणं संपतं. सगळं मिळून अडीच मिनिटं. आपल्याकडे एवढ्यात प्रमुख पाहुण्यांचा सत्कारही होत नाही.

कागदाच्या शेवटी एक पोर्तुगीज शब्द होता. डिक्शनरीत नव्हता. त्याचा अर्थ मात्र खाली दोन ओळींत दिला होता. दुर्गानं तो वाचून दाखवला, "जे जवळ नाई त्याची अशी ओढ... की दुखतेबी अन् बरंबी वाटते. हा शब्द दुसऱ्या कोणत्याच भाषेत नाई, असं लिवलं हाये."

प्रफुल्लनं विचार केला. "आपल्याकडे हाये ना."

"कोणता?"

"करमत नाई."

कागदाची घडी करता करता, खाली बघत तिनं विचारलं, "तुले कधी झालं होतं?"

"मंगळवारी," तो म्हणाला. "तू आली नव्हतीस."

यानंतर कुठल्याही शहाण्या माणसानं पुढचं वाक्य बोलून टाकलं असतं. पण प्रफुल्लच्या हातात माईक नव्हता. त्यानं दोन वेळा तोंड उघडलं, स्क्रू-ड्रायव्हर उचलला, आणि उत्तम चालत असलेला टेपरेकॉर्डर उघडून टाकला. खरं तर वरून काहीच अडचण नव्हती. त्यांच्या समाजात कूळ देवांच्या संख्येवरून ठरे आणि सोयरीक वेगळ्या संख्येतच होई; तो सहा देवांचा, ती सात देवांची. सोयरीक व्हायला दोन्हीकडच्या देवांची हरकत नव्हती. तेरा देव राजी होते. अडून बसला होता तो एकटा प्रफुल्ल.

तेवढ्यात चंदाचं लग्न आलं. चंदा दुर्गाची लहानपणापासूनची मैत्रीण. अंगणात जांभळीच्या डहाळ्यांचा हिरवा मांडव पडला, चारही भोंगे चार दिशांना तोंडं करून बांधले गेले. हळदीची दुपार होती. बायका चंदाला हळद लावत होत्या, दुर्गाच्या दोन्ही गालांवर हळदीचे पंजे उमटले होते, आणि ती हसत होती. प्रफुल्लनं अॅम्प्लिफायरच्या मागून ते पाहिलं. दोन महिने मनात साचलेलं आता सांगायलाच हवं होतं. सगळ्यांदेखत ते बोलणं शक्य नव्हतं. तेव्हा त्यानं त्याला येत होतं ते केलं. कॅसेट घातली, आणि व्हॉल्यूम जिथवर फिरतो तिथवर फिरवला.

भोंगा ओरडण्यासाठी घडवलेला असतो. त्याच्यात कुजबुज ओतली की तो बिथरतो. ज्या अंगठ्यावर प्रफुल्लनं जीव टाकला होता तो सुक्या खोडावर कुऱ्हाड पडावी तसा कोसळू लागला. मधूनमधून कर्कश शिट्टी वाजू लागली. आणि तो बिचारा हळू गाणारा माणूस चार दिशांना एकदम, राक्षसाएवढा होऊन पुटपुटू लागला.

हळद थांबली.

"कोण गेलं वो?" म्हाताऱ्या धुरपताबाईनं पदर डोक्यावर घेत विचारलं.

"बॅटरी उतरली काय गा?" नवऱ्याकडचा एक काका ओरडला.

"हा अडाण्यासारखं काऊन गाऊन राह्यला?"

नदीपल्याडहून एक माणूस सायकलवर निरोप घेऊन आला, की तिकडं लोक घराबाहेर येऊन उभे आहेत, काय घोषणा आहे ते नीट सांगा. प्रफुल्लनं कॅसेट काढली आणि ढोलाची लावली. मांडवानं सुटकेचा श्वास टाकला.

दुर्गा मांडवामागं आली तेव्हा तिच्या गालांवर पंजे तसेच होते, पण हसू नव्हतं.

"काऊन लावली?"

"तुह्यासाठी."

"मी दहा हातावर उभी होती, प्रफुल्ल. नदीपल्याडच्या गावाले काऊन सांगतलं?"

त्याच्याजवळ उत्तर होतं, आणि ते इतकं खरं होतं की सांगताना त्याला लाज वाटली. "मले वाटलं... जितकं मोठ्यानं, तितकं खरं."

दुर्गाचा राग अर्धा उतरला, पण उरलेला अर्धा तिनं सांभाळून ठेवला. त्या अर्ध्याचं अजून काम होतं.

"आलापल्लीहून पाहुणे येऊन गेले," ती म्हणाली. "वनरक्षक हाये. मोठा चांगला बोलते. पक्की नोकरी, राहाले क्वार्टर. बाबा गुरुवारी निरोप धाडणार हायेत."

"मग?"

"मग काय? मले विचारलं बाबानं. मी बोलली, गुरुवारी सांगतो." तिनं त्याच्याकडे सरळ पाहिलं. "तुले काही बोलाचं असन तर बोल. भोंगा न लावता. मले आयकू येईन... एवढंच."

ती गेली. आज रविवार होता.

सोमवारी प्रफुल्लनं हळू बोलायचा सराव सुरू केला. गिऱ्हाइकांची पंचाईत झाली. मासेमार संस्थेच्या सभेसाठी भोंगे सांगायला आलेले केवळराम काउंटरवरून अर्धे आत वाकून ऐकत होते. शेवटी त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "गळ्याले हळद लाव गा. अन् सभेपर्यंत काहीच बोलू नको."

मंगळवारी त्यानं दुकान अर्धं ओढून घेतलं आणि कॅसेट पुन्हा पुन्हा ऐकली. कान जाळीला, शेजारची वीतभर हवा रिकामी. या खेपेस तो अंगठ्याकडे गेला नाही, बोटांकडेही नाही. त्यानं फक्त माणूस ऐकला. भाषेचा एक शब्द कळत नव्हता, आणि कदाचित म्हणूनच आवाज स्वच्छ ऐकू येत होता. हा माणूस कुणाला पटवत नव्हता. आपलं प्रेम केवढं मोठं आहे हे दाखवत नव्हता. त्याला जे म्हणायचं होतं ते एवढं खरं होतं, की त्याला धक्का द्यायची, उचलून धरायची गरजच नव्हती. तो ते नुसतं समोर ठेवत होता... पाण्याचा पेला ठेवावा तसं. घे किंवा नको घेऊ. तहान असेल तर दिसेलच तुला.

आणि हे धाडस आहे, हे चार भोंग्यांच्या मालकाला तेव्हा कळलं. ओरडणाऱ्याला आवाजामागं लपता येतं. हळू बोलणाऱ्याला लपायला जागा नसते.

बुधवारी दुपारी तो वाचनालयात गेला.

तो तिथं आत असा कधीच गेला नव्हता. भिंतीवर तांबड्या अक्षरात "शांतता राखा" लिहिलेलं होतं. खिडकीजवळच्या बाकावर निवृत्त पोस्टमन मुखरूभाऊ पेपर वाचत होते; ते निविदा-सूचनांसकट सगळा पेपर वाचत. टेबलामागं दुर्गा पुस्तकांवर शिक्के मारत होती.

"सभासद व्हाचं हाये?" तिनं वर न बघता विचारलं.

"नाई."

"मग?"

प्रफुल्लनं ओठ हलवले.

"काय?"

त्यानं पुन्हा प्रयत्न केला. या वेळी पहिला शब्द, "मले", असा फुटला की कपाटातल्या पालीनं जागा बदलली. मुखरूभाऊंनी पेपरावरून एकदा भिंतीवरच्या तांबड्या अक्षरांकडे आणि एकदा त्याच्याकडे पाहिलं.

"काय?" दुर्गानं पुन्हा विचारलं. तिला खरंच ऐकू आलं नव्हतं, की तिला ते अनेकदा ऐकायचं होतं, याचा निकाल अजून लागलेला नाही.

प्रफुल्लनं श्वास घेतला. टेबलावर दोन्ही हात ठेवले. दोघांत फूटभर अंतर होतं. त्यानं तेवढंच मोजलं, आणि तेवढ्यालाच पुरेल एवढा आवाज काढला.

"त्या वनरक्षकाले नाई म्हण, दुर्गा. माह्याशी लगन कर. माह्यापाशी पक्की नोकरी नाई, क्वार्टर नाई. लग्नसराईत घरी राहीन की नाई तेबी सांगता येत नाई. पण तू नसली की... मले माहाच आवाज आयकू येत नाई." तो थांबला. "तुह्याशी मी जनमभर एवढ्याच आवाजात बोलन."

दुर्गाच्या हातातला शिक्का अधांतरी राहिला होता. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"भांडतानाबी?" तिनं विचारलं.

"भांडतानाबी."

"अन् माही आई कमी आयकते. तिच्याशी?"

"तिच्याशी... माईकवर."

दुर्गानं हसू दाबायला ओठ आत घेतले. पंखा फिरत होता. कुठल्याशा पुस्तकाचं पान आपोआप उलटलं. प्रफुल्ल तसाच उभा राहिला. काहीही न उघडता, न दुरुस्त करता.

"सांग वो त्याले काहीतरी," पेपरामागून मुखरूभाऊंचा आवाज आला. "धा मिनिटांपासून मी एकच बातमी वाचून राह्यलो."

दुर्गा उठली. टेबलावरून वाकली, प्रफुल्लच्या कानाजवळ आली आणि उत्तर दिलं.

ते लहानसंच असावं. मुखरूभाऊंनी पेपर खाली केला, मान पुढं काढली, एक कान वळवला, पण काही ऐकू आलं नाही. सत्तर वर्षांत त्यांच्या हातून एवढं महत्त्वाचं काही निसटलं नव्हतं.

"काय म्हणली गा?"

तालुक्याला हरवलेली गाय, सापडलेली गाय, आलेले आणि न आलेले सरपंच जाहीर करणाऱ्या माणसानं मान हलवली. त्यानं सांगितलं नाही. तो पायरीवरून खाली उतरला आणि क्षणभर उन्हात थांबला. सायकल भिंतीला टेकवलेली होती, ती त्याला दिसली नाही. त्याचं दुकान डावीकडे होतं. तो उजवीकडे वळला, दुर्गाच्या वडिलांच्या, बुधूभाऊंच्या घराच्या रस्त्याला, आणि पायीच चालू लागला.